चार हात खाली

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर.
ठेवणाऱ्यानं काय पाहून ठेवलं कोण जाणे.
खारं पाणी इथून सातशे किलोमीटर,
आणि जवळात जवळची लाट म्हणजे
हायवेवरून ट्रक गेला की पऱ्हाटीत उठते ती.

तरी समुद्र आहे.
माझ्या कूलरच्या दुकानामागच्या खोलीत,
तीन फूट बाय दीड.
हिंगणघाटचे डॉक्टर पुण्याला गेले
तेव्हा चार कूलरचे पैसे बाकी होते.
म्हणाले, लहानू, हे घेऊन जा. जिवंत आहे.

जिवंत म्हणजे दोन नारिंगी मासे,
दगडावर बटणांसारखे झोआ,
आणि झेनिया. याला बोटं आहेत, बोटांना मुठी आहेत,
मुठी दिवसभर उघडतात, मिटतात,
झोपेतलं बाळ दूध शोधतं तशा.

मला वाटलं होतं, मे महिना मारेल.
मेची सगळी तयारी करून बसलो
आणि घाव घातला फेब्रुवारीनं.
पहाटे दुलई, दुपारी बनियन.
पाण्याला दुलई नसते.
सकाळी सहाला बावीस पॉइंट आठ,
तीनला एकोणतीस पॉइंट चार.
वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच.
ऊन सोसतं, थंडी सोसते,
रोजची ही चढ-उतर सोसत नाही.
झेनियानं मुठी मिटल्या त्या मिटल्याच.

गारवा माझा धंदा. पाण्यावर पंखा लावला.
पाणी उडतं ते ऊब घेऊन उडतं,
दोन डिग्री उतरली.
पण उडतं ते गोडं, मीठ मागे राहतं.
रोज तीन लिटर गोडं पाणी मोजून ओतायचं,
लग्नाला जाम्बला गेलो, एक दिवस विसरलो,
परत आलो तर समुद्र घट्ट झालेला.

मग बर्फ. थंड्याच्या बाटल्यांत गोठवून सोडला.
तासात तीन डिग्री खाली,
बाटली वितळली की पुन्हा वर.
आधी एकच सूर्य छळत होता,
आता दुसरा मी.
रात्री हीटर लावायचा, रात्रीच लाइट जायची.
कोपऱ्यातले झोआ त्या आठवड्यात गेले.
वास आला तेव्हा कळलं.

उरकुडा विहिरी खंदतो. खंदायचा, आता गुडघे गेले.
पाण्याची मोटर दुरुस्तीला घेऊन आला,
माझी वही उलटीच धरून बघितली,
म्हणाला,
"थंडीत विहिरीचं पाणी कोमट काहून लागते?
उन्हाळ्यात गार काहून लागते?
पाणी तेच राह्यते बे. तूच बदलते."

मी खोलीच्या फरशा उचकटल्या.
दोन हात काळी माती, मग मुरूम.
बेबीनं दारातून विचारलं,
"पेव खंदून राह्यले का? धान्य कुठी आहे?"
शेजारी म्हणाले, गुप्तधन.
दोघं पोरं तर खरंच रात्री टॉर्च घेऊन आली,
निळा ड्रम दिसला, निघून गेली.

ड्रम चार हात खाली,
भोवती पन्नास फूट पाइपाचं वेटोळं,
ओल्या मुरमात दाबून बसवलं.
छोटा पंप पाणी खाली धाडतो, वर आणतो.
तिथं ना फेब्रुवारी, ना दुपार.
थर्मामीटर दोरीनं सोडला होता आधी,
सत्तावीसला थांबला.
समुद्राला हवं तेवढंच.
आम्ही त्यावर कापूस पेरत होतो.

सव्वीस पॉइंट एक, सत्तावीस पॉइंट दोन.
मेमध्ये अठ्ठावीसपर्यंत गेलं, खोटं कशाला सांगू,
लाइट सहा तास गेली तेव्हा त्याच्याही वर.
गेलेले झोआ आले नाहीत.
झेनियाची एक मूठ नवव्या दिवशी हलली,
बाकीच्या कधी हलल्या ते बघायचं राहून गेलं,
त्या दिवशी गिऱ्हाईक होतं.

उरकुडा मोटर न्यायला आला.
टाकीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं,
तोंड वाकडं केलं.
पैसे मी घेतले नाहीत.
"मग बरं," म्हणाला, "मीबी सल्ल्याचे मांगत नाही,"
आणि बराच वेळ काचेपुढे
मोटर मांडीवर घेऊन बसला.