आवक : अंजीर

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, मागच्या गेटाच्या केबिनीत
मी आवक लिहिते.
माल, वजन, गाळा नंबर, मूळ देश, मार्ग.
मूळ देशाला कधी खाडाखोड नाही.
मार्गाचा रकाना मात्र दर दोन वर्षांनी बदलतो.

आधी वाघा बॉर्डरवरून ट्रक यायचे.
मग शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी बिनसलं
आणि अंजीर इराणात बोटीवर चढलं,
न्हावाशेव्याला चार आठवडे डब्यात घामेजलं.
एका वर्षी विमानानं आलं, पाहुण्यासारखं,
सुतळीत ओवलेलं. हार तर ते मुळातच घालून असतं.
नंतर दुबईत खोकं बदलून, नाव बदलून.
झाड तिथंच होतं.

नकीब सांगतो, त्याच्या मामाच्या बागेपर्यंत
रस्ता आहे, चार देशांचा.
म्हणजे पहिल्यानं बांधला, दुसऱ्यानं उडवला,
तिसऱ्यानं पुन्हा बांधला
आणि फीत कापायला चौथा आला.
"आणि आम्ही?"
"तुम्ही धरण दिलं. बसगाड्या दिल्या.
बसगाड्या चांगल्या होत्या."
होत्या, म्हणाला.
मी पुढं विचारलं नाही.

नकीब स्तानिकझाई, वय सत्तावीस, कोपरखैरण्यात भाड्यानं.
मराठी माथाड्यांकडून उचलली, म्हणून पाटणकडची.
वकिलातीवर सध्या झेंडा कुठला
हे त्यालाही फोन करून विचारावं लागतं.

जेवणाच्या सुट्टीत वीरजीशेठच्या गाळ्यावर
त्याच्या देशाची वाटणी होते.
हळदवाला म्हणतो, चीन घेणार, खाणी आहेत खाली.
लवंगांचा दलाल म्हणतो, छे, रशिया परत येतोय बघा.
कुणी म्हणतं अमेरिका गेलीच नाही, नुसती दिसत नाही.
पाकिस्तानचं नाव निघालं की डबे आपटतात.
आपणही सोडायचं नाही, टेबलावर थाप.
बाजारात तुरी.
नकीब ताक पितो. त्याला कुणी विचारत नाही.
एकदाच बोलला,
"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.
आमच्याकडं व्याही पाच.
घोडं परत न्यायला एकबी येत न्हाई."

माझे वडील मस्जिद बंदरला मापाडी होते,
बाजार खाडी ओलांडून इकडे यायच्या आधी.
मेव्याच्या पेट्यांच्या तळाचे कागद घरी आणायचे,
आमच्या वह्यांना कव्हरं घालायला.
माझ्या दुसरीच्या गणितावर उलटीपालटी अक्षरं होती.
ती रशियन, हे मला दहावीत कळलं.
नोकरीला लागले, तळाला इंग्रजी पत्रकं यायला लागली :
हसरा सैनिक, हसरं पोर, खाली फोन नंबर.
आता चिनी अक्षरांचा पुठ्ठा येतो, छान जाड,
पोराच्या प्रोजेक्टला नेते.

एवढ्या वर्षांत त्या तळाशी
त्यांची स्वतःची अक्षरं मी एकदाच पाहिली.
वहीचं फाटकं पान, शाई पसरलेली.
नकीबला दिलं. तो बराच वेळ वाचत राहिला.
मला वाटलं पत्र असेल, कुणी गेल्याचं.
"पाढा आहे," म्हणाला. "सातचा.
सात आठे चुकलंय."
घडी घालून खिशात ठेवलं त्यानं,
घरी जाऊन दुरुस्त करणार असल्यासारखं.

आज एकशेदहा पेट्या.
निघताना अकराशे किलो,
इथल्या काट्यावर एक हजार ब्याऐंशी.
वीरजीशेठ म्हणतात, सुकलं असेल.
दलाल म्हणतो, चाखलं असेल, नाक्यानाक्यावर, थोडं थोडं.
तूट : अठरा किलो.
कारणाच्या रकान्यात मी लिहिते : वाट.

नकीब वाकून वाचतो.
पाटणची मराठी शिकलाय,
दोन्ही अर्थ कळतात त्याला.
पेन मागतो, सही करतो,
उजवीकडून डावीकडे.