सदतीस अंश

बाहेर सेहेचाळीस. इनक्युबेटरमध्ये सदतीस.
मे महिन्यात नागपुरात
माणसाच्या अंगाइतकी थंड जागा ही एवढीच.

निखाडेकाकांच्या दंडातलं रक्त
आम्ही मागे मागे नेलं,
आपण रक्त आहोत हे पेशी विसरेपर्यंत.
मग पुढे आणलं: मेंदूचे राखणदार.
काचेच्या बशीत हात पसरून
चाचपत असतात, कचरा गिळतात,
कधी धडका जोडही तोडून टाकतात.

काका इतवारीतलं स्वतःचं घर विसरले.
चाळीस वर्षं तिथेच वायरमन.
कुठल्या खांबावर कुठला फ्यूज, ते मात्र पाठ.

परवा त्यांना बशी दाखवली.
"काय वं पोरी, हे कोनाचं व्हय?"
"तुमचंच."
भिंगाला डोळा लावून
बराच वेळ उभे राहिले.
"लाइन हाय अजून," म्हणाले.