माझं आपलं एक मत

पेपर मी शमीमच्या सलूनमध्ये वाचतो.
घरी येतो तो सईच्या अभ्यासाचा, इंग्रजी.
दाढी आठवड्यातून एकदा,
पेपर रोज. शमीम काही बोलत नाही.
गिऱ्हाईक आलं की मी खुर्चीवरून बाकावर सरकतो
आणि तिथून मत देतो.

आज पहिल्या पानावर कांदा.
कांद्याने पुन्हा रडवले.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
पाठीवर वाहिलाय मी तो. मला नाही रडवलं त्यानं.
गोणीत हात न घालता सांगायचो,
हा रांगडा, हा गरवा,
आणि हा खालून भिजलाय,
वरचा थर दाखवायला सुका लावलाय.
टीव्हीवरची पोरगी कांदा धरते कसा,
तर अक्षता धरल्यासारखा, चिमटीत.
म्हटलं, बाई, मुठीत घे. दाब.
मान नरम लागली तर चार दिवसांत कोंब येणार,
मग भाव काय विचारतेस?
शेलार म्हणाले, टीव्हीला ऐकू जात नाही.
म्हटलं, म्हणून तर बोलतोय.

आतल्या पानावर आमचा माजी नगरसेवक.
हा त्याचा तिसरा पक्ष. फोटो तोच, हात जोडलेला,
बॅनरची किनार तेवढी नवी.
माझं मत कोपरखैरण्यात सगळ्यांना पाठ आहे:
बारदान बदललं म्हणून माल बदलत नाही.
कमळाकर भोईर हसतो,
"ते ऱ्हाऊ दे काका, मत दिलं कुणाला ते सांगा."
सांगत नाही.
त्या रात्री इंदूचा श्वास अडकला,
आमचा जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना.
हाच माणूस बनियनवर आला,
पायाकडची, खालची बाजू त्यानं धरली,
आणि उतरताना वजन स्वतःकडे घेतलं.
पाठीला कळतं ते.
समोरचा भार टाकतोय की घेतोय
हे भाषणात कळत नाही, जिन्यात कळतं.
म्हणून दोनदा दिलं त्याला,
माल कसला आहे ते ठाऊक असून.
आमच्या गल्लीतल्या गटारावर अजून फरशी नाही.

शेवटचं पान सगळे आधी वाचतात, मी शेवटीच.
क्रिकेट म्हणजे बसून बघायचा खेळ.
कबड्डी खरी. एका श्वासात जायचं,
त्याच श्वासात परत यायचं,
मध्ये सात जण पाय धरायला टपलेले.
आणि मुलींचं क्रिकेट?
त्यावर सलूनमध्ये मी जे बोललो ते इथं नको.

मग गेल्या महिन्यात सई मला नेरूळला घेऊन गेली.
पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली,
आत वडापाव सत्तर रुपये.
(यावर वेगळं मत आहे, पुन्हा कधी.)
सीमारेषेवर एक पोरगी, विशीच्या आतली,
धावत आली, वाकली,
उठता उठताच चेंडू फेकला.
स्टंप उडाला, लोक उभे राहिले,
माझ्या पुढचा तर खुर्चीवरच चढला.
त्याच्या काखेतून मला तिचा खांदा दिसत होता.
फेकल्यावर तिनं तो डाव्या हातानं दाबला,
हळूच, कुणाला दिसू नये असा.
पन्नास किलोची गोणी उतरली
आणि मुकादमाची पाठ वळली,
की आम्ही असाच दाबायचो.

मत बदललं. तिथंच,
सत्तर रुपयांचा वडा हातात असताना.

सलूनमध्ये अजून सांगितलेलं नाही.
आज शेलार म्हणाले, पोरींच्यात कुठला आलाय दम?
मी पेपरची घडी घातली.
म्हटलं, शमीम, जरा मान मोड बाबा,
अवघडलीय.

घरी इंदूनं विचारलं, काय म्हणतोय पेपर?
म्हटलं, कांदा महागलाय.
"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली,
"मी आणते."
आमटीत मीठ कमी होतं.
त्यावर मी मत दिलं नाही.