चार दिवस, ग्राफपेपरवर

दिवाळीला कारखाना चार दिवस बंद,
ह्यांनी जेवताना सांगितलं
आणि हात पुसून डिझाइनचा ग्राफपेपर पसरला,
ज्यावर एरवी चादरीचे मोर भरतात.
एक चौकोन म्हणजे एक तास.
मधोमध सोलापूर, लाल.

वर नान्नज, माळढोकाचं.
"पण दिसेल का?" श्रावणीनं विचारलं.
"दिसला तर दिसला."
तो चौकोन अर्धाच भरला.

उजवीकडे नळदुर्ग.
नर आणि मादी असे दोन धबधबे,
बोरीला पाणी असलं तर.
नसलं तर नुसता किल्ला, आणि डब्यातली कडक भाकरी
शेंगाचटणीशी बुरुजावर बसून.

पवनला हैदराबाद हवं होतं,
चारमिनार, वाघ, आत्याच्या टीव्हीएवढा टीव्ही.
आत्याकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही
आणि भरल्या हाताने परवडत नाही,
त्यामुळे हैदराबाद कागदात बसेना.

मला कुणी विचारलं नाही,
मी सुपातल्या पानांवर हिशेब करत होते.
विजापूर, पाच माणसं, जाऊन-येऊन
सात हजार विड्या.
पोरांचं अर्धं तिकीट धरून साडेपाच.
आणि ते चार दिवस न वळलेल्या
वेगळ्याच.

मग मामय्या उंबऱ्यावरून उठून आले.
एकेचाळीस वर्षं मागावर,
खटक-खटक कानात गेलं ते आतच राहिलं.
आम्ही त्यांना "चहा!" म्हणतो
तेव्हा अख्खी गल्ली कप विसळते.
त्यांनी कागद स्वतःकडे ओढला,
विजापूरवर बोट ठेवलं.
"तिथं घुमटात म्हणे
ह्या भिंतीशी पुटपुटलेलं
त्या भिंतीशी ऐकू येतं."

"सात वेळा घुमतं, ताता!" पवन ओरडला.
"सात कशाला," ते म्हणाले,
"मला एकदा पुरे."

हे पेन्सिलीला टोक काढत बसले, होतं तरी.
म्हणाले, जिना अरुंद आहे, पायऱ्या शंभराच्या वर,
गुडघ्यांचं काय.
मामय्यांना ते ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं असेल.

रात्री कागद घडी करून देवळीत ठेवला.
विजापूरचे चौकोन पूर्ण भरलेत,
गडद, दोनदा फिरवलेले.
कुणी भरले, विचारलं नाही.

आज दुपारी पानं कापताना मनात येतं,
चौदा वर्षं मी ह्या घरात
त्यांच्याशी ओरडूनच बोलले.
जेवलात का, गोळी घेतली का, दार लावा.
त्या गोल सज्जात पलीकडे ते बसतील, भिंतीला कान लावून,
अलीकडे मी.
हळू आवाजात
सासऱ्याशी काय बोलतात?

दोरा गुंडाळते, तोंड बंद करते,
सत्ताविसावा कट्टा की अठ्ठाविसावा,
परत पहिल्यापासून मोजायला घेते.