पितळी खिळा

मोरीच्या दाराला कडी हवी होती,
म्हणून गणपती पेठेत
भूपाल चौगुल्यांच्या दुकानात शिरले.
भिंतभर खण. एकावरही नाव नाही.
ज्यात बिजागऱ्या, त्याच्या तोंडावर बिजागरी.
कडी दिसली ती ओढली,
खण उघडला, आत कड्याच कड्या.
"वडलांच्या गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं,"
ते म्हणाले, "वडलांना तरी कुठं येत होतं."

कडी कागदात बांधेपर्यंत
मी पिशवी या हातातून त्या हातात करत होते,
दोन किलो शाळू, वर कोथिंबीर.
"अडकवा की तिथं."
काउंटरच्या कडेला, बरोब्बर कमरेशी
एक पितळी खिळा, वर वळवलेला,
झिजून गुळगुळीत.

अडकवली.
दोन्ही हात मोकळे झाले
आणि कळेना, त्यांचं करायचं काय.

इतकी वर्षं बँकेत, एसटीत, दवाखान्याच्या खिडकीशी
एका हातानं सही केली, सुटे मोजले,
चिठ्ठी दातांत धरली.
एवढासा खिळा
कुणाला सुचला नव्हता.

खालच्या ओळीत एक खण मात्र कोरा.
"यात काय?"
"लोकं विसरून गेलेलं.
ज्याचं त्यानं ओळखायचं."