मात्रेची पट्टी

बाटलीला डकवायची कागदाची पट्टी
दोन्ही कडांना खाचा पाडून मीच कापायचो.
एक खाच, एक डोस.
औशात तेव्हा निम्म्यांना वाचता येत नव्हतं
पण खाचा सगळ्यांना मोजता यायच्या.
हलगे डॉक्टर म्हणायचे, महेबूब,
माझ्या अक्षरापेक्षा तुझी कात्री बरी.

एकतीस वर्षं.
आधी लाकडी फळ्या होत्या, मग शटर आलं.
स्टोव्हवर सुया उकळत ठेवून मी बाक पुसेपर्यंत
आलमल्याची, बेलकुंडाची माणसं पायरीवर.
"कुठं दुखायलंय?"
एवढं विचारून डॉक्टर पेन खाली ठेवायचे.
भाद्याची केवळाबाई सुनेपासून सुरू करायची,
म्हशीवरून फिरून
मग गुडघ्यावर यायची.
डॉक्टर म्हैससुद्धा पूर्ण ऐकून घ्यायचे.

येळवशीला गाव ओस, सगळे शिवारात.
त्या एका दिवसात नऊ शेतांतली आंबील त्यांना प्यावी लागे.
एखाद्या कोपीत नको म्हटलं
की त्या घरचा ताप वर्षभर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचा.
दुसऱ्या दिवशी
डॉक्टरांच्या पोटासाठी पट्टी कापायचो मी.

भूकंपाच्या पहाटे दुधाच्या टेम्पोत बसून गेले.
चौथ्या दिवशी आले. म्हणाले, सुया उकळ.
त्याबद्दल एवढंच.

मग हात थरथरायला लागला.
आधी सही बिघडली, नंतर बशीतला चहा सांडायला लागला.
मग एकदा तांबोळ्याच्या पोराच्या दंडापाशी
सुई हवेतच जागा शोधत राहिली.
मी न बोलता ती हातातून घेतली.
डॉक्टर खिडकीकडं बघत म्हणाले,
ऊन फार चढलंय आज.

गावात कळायला एक बाजार पुरला.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
खरं दुखणं लोक लातूरला न्यायला लागले,
पहाटेच्या एस.टी.नं, गुपचूप,
आमची गल्ली टाळून, किल्ल्याकडून वळसा घालून.
आणि आमच्याकडं खोटं आणायचे.
बाक पहिल्यासारखा भरलेला.
सोपान बिडवे, तालमीतला गडी,
त्याला दर सोमवारी चक्कर.
केवळाबाई गुडघा लातुरात बदलून आली
तरी जुनाच गुडघा इथं घेऊन यायची.
मी मनात म्हणायचो,
डॉक्टरांना कळत नाही तेच बरंय.

एक दिवस गुलाबी मिक्श्चर संपलं.
म्हटलं, लातूरहून मागवतो.
"कशाला? पाण्यात साखर टाक, थेंबभर रंग टाक."
मी बघतच राहिलो.
"सोपानची नाडी घोड्याची आहे, महेबूब.
आणि बाईच्या गुडघ्यात लोखंड आहे.
हात हालतो माझा, बोटं मेली नाहीत."
मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"येतात बिचारे. त्यांना मोकळं कसं पाठवायचं?
पट्टी मात्र नीट काप.
खाचा सारख्या पडल्या पाहिजेत."

पुढची दोन वर्षं
औशानं साखरेचं पाणी
दिवसातून तीनदा, जेवणानंतर,
खाच बघून घेतलं.

गेले तेव्हा त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं
डॉक्टरांना बसवून न्यायचं होतं.
कपाळावर विभूती, मान जराशी कललेली,
ऐकताना कलायची तशीच.
रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत.
केवळाबाईचा नंबर आला.
ती समोर खाली बसली, पदर सावरला
आणि सुनेपासून सुरू केलं.
म्हशीपर्यंत पोचली तेव्हा
मागून कुणीतरी म्हणालं, चला आता, उशीर होयलाय.
मी म्हटलं, थांबा.
अजून गुडघा यायचाय.