गळा साडेचौदा

पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर यादी केली,
अस्तर दोन मीटर, हुक एक डझन,
त्याच्याच खाली :
जेवायची थाळी, जड, उलटी न होणारी.
गोचिडांचं औषध.
चघळायला काहीतरी, कारण मशीनचा पट्टा
त्यानं पहिल्याच रात्री संपवला.
खाऊ.
गळ्यातला पट्टा.
पट्ट्यापुढे माप लिहायचं राहिलं.

फैजपूरच्या स्टँडमागे नारखेड्यांचं कृषी केंद्र.
ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, फवारणीचे पंप,
आणि औषधाच्या डब्यांशेजारी
यंदापासून एक फळी कुत्र्यांची.
हेमराज म्हणाला, "कोन्ती जात व ताई?"
मी बघतच राहिले.
"कुत्र्याची म्हनतो मी."
म्हटलं, सावद्याच्या ट्रकखालची.
केळी भरून ट्रक दिल्लीला गेला,
हा दोरीसकट मागे राहिला.

त्यानं पिशवी दाखवली, वर गुबगुबीत लॅब्राडोर हसतोय.
किंमत ऐकून मनात हिशेब केला :
दोन ब्लाउज, एक फॉल-पिको.
घेतली.
रबरी बुडाची थाळी घेतली.
दाबली की किंचाळणारी पिवळी कोंबडी घेतली,
का, ते मलाही सांगता येणार नाही.
हाडाच्या आकाराची बिस्किटं
सुटी तोलून, कागदाच्या पुडीत,
हाताला येताना वास घेऊन आली.

पट्टे खिळ्याला टांगलेले.
लाल, घुंगरांचा, टोकदार खिळ्यांचा,
आणि साखळ्या, गोठ्यातल्यासारख्या.
"माप काय?"

अर्ध्या गावाच्या बायांची मापं माझ्याकडं आहेत.
कुणाची सून दिवाळीनंतर भरली,
कोण आतल्या आत वाळत चाललीय,
मला आधी कळतं, घरच्यांना नंतर.
पण काल याच्यापुढं टेप सोडला
तर हा जमिनीला चिकटला.
भुंकला नाही, चावला नाही,
डोळे मिटून घेतले फक्त.
कानाखाली केस नसलेली एक गोल रेघ.
परकराच्या नाडीचा वळ कमरेवर उमटतो तशी,
पण ही न जाणारी.

"पट्टा नसला तं नगरपालिकेची गाडी उचलून नेईन," हेमराज म्हणाला.
खरंच आहे ते.
तरी बाकीचं घेऊन आले.

कोंबडी किंचाळली, हा टेबलाखाली.
लॅब्राडोरचं जेवण हुंगून सोडलं,
माझ्या ताटातली कळण्याची भाकर मात्र मोडून खाल्ली.
केळं दाखवलं तर तोंड फिरवलं,
ट्रक आठवला असेल.

मग टेप फरशीवर पसरला
आणि दहाच्या आकड्यावर एक बिस्किट ठेवलं.
मी मशीनवर बसले, पाठ करून.
बऱ्याच वेळानं कुरुम असा आवाज आला.
दुसऱ्या दिवशी बारावर.
तिसऱ्या दिवशी टेप माझ्या मांडीवर, बिस्किट टेपवर.
चौथ्या दिवशी इंदू भरंबे तिचा ब्लाउज मागायला आली,
म्हटलं, परवा.
"परवाचं परवाच म्हनते तू,
आन् कुत्र्याशी खेळून राह्यली!"
पाचव्या दिवशी पुडी निम्मी झाली, तो मागे सरकला,
पुन्हा पहिल्यापासून.

आठव्या दुपारी, लाइट गेलेली,
पत्रा तापून कडकडतोय,
त्यानं हनुवटी माझ्या पायावर टाकली अन् झोपला.
टेप हळूच खालून घेतला.
श्वास त्याचाही चालू, माझाही.
साडेचौदा.
दोन बोटं ढील धरून.

कुणाच्या तरी लग्नातल्या खणाची पट्टी उरली होती,
आतून जुन्या सुती लुगड्याचा पदर लावला.
शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली,
आजवर कधी ठेवली नव्हती.
बाहेरून दिसली तर दिसो,
आत काही टोचायला नको.

पावतीवर माप लिहिलं.
नावाचा रकाना अजून रिकामा आहे.
इंदूचा ब्लाउजही तसाच, काजाविना.